माघात घेतलेलं लाकूड

ब्याऐंशीच्या आषाढात मी मूल या गावात शिक्षिका म्हणून रुजू झाले, तेव्हा मला चूल पेटवता येत नव्हती. वर्ध्याला आमच्या घरी स्टोव्ह होता. इथे रॉकेल रेशनवर, तेही मोजकं. बाजारातून एक मोळी विकत आणली आणि खोलीच्या पडवीत मी अर्धा तास फुंकणी घेऊन बसले. धूर निघत होता, जाळ काही निघत नव्हता. डोळ्यांतून धारा लागल्या.

शेजारच्या अंगणातून एक उंच, सावळ्या बाई कुंपणाशी आल्या. थोडा वेळ बघत राहिल्या.

"बाई, काय फुकून राह्यल्या? ते लाकूड नोय, पानी हाये."

त्या आत गेल्या आणि फोडलेले पाच-सहा फाटे घेऊन आल्या. दोन फाटे हातात धरून त्यांनी एकमेकांवर मारले. खण्ण असा आवाज आला. मग माझ्या मोळीतली दोन लाकडं मारली. थप. जसा ओल्या भिंतीवर हात मारावा.

"ऐकलं का? आता हे बारीक सालईचं पयले लावा, त्याच्यावर हे येनाचं. फुकाचं नाई. हात जोडून बसा अन् पाहा."

मी खरंच हात बांधून बसले. पाच मिनिटांत जाळ धरला. मी विचारलं, असं लाकूड बाजारात कुठे मिळतं?

"भेटत नाई," त्या म्हणाल्या. "करा लागते."

अशी माझी आणि भागीरथाबाई वाळकेंची ओळख झाली. पुढची सात वर्षं माझ्या चुलीत त्यांच्याच अंगणातलं लाकूड जळलं.

भागीरथाबाई एका संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकीण होत्या. त्यांचे मालक नथ्थूभाऊ राइस मिलमध्ये हमाल. एकुलती मुलगी चंदा लग्न होऊन ब्रह्मपुरीला. कवेलूचं, म्हणजे कौलारू, दोन खोल्यांचं घर, समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, मागे बऱ्यापैकी मोठी वाडी. त्या वाडीत पूर्वी वांगी-मिरच्या व्हायच्या. लाकूड आलं ते ऐंशी सालच्या एका सकाळमुळे.

ही हकिकत त्यांनी मला एकदा नाही, चार वेळा सांगितली, आणि प्रत्येक वेळी तेवढ्याच तावातावाने.

वसतिगृहाला एक ठेकेदार लाकूड पुरवायचा. पावसाळा लागला की बंडीभर, म्हणजे बैलगाडीभर, लाकूड आणून टाकायचा, झाडावरून नुकतं उतरल्यासारखं. वजनावर विकायचा, म्हणजे जितकं ओलं तितकं त्याचं भलं. त्या सकाळी साठ मुलींना शाळेत जायचं होतं आणि भात काही केल्या शिजेना. मुली अर्धकच्चा भात चिवडून उठल्या. वॉर्डन कांताबाई स्वयंपाकघरात आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "भागीरथा, वीस वर्षं झाली रांधतेस, अन् अजून तुला भात जमत नाही?"

"मले लय लागलं," भागीरथाबाई सांगायच्या. "मी म्हटलं, बाई, भात मी शिजवते, लाकूड मी वाळवत नाई. अन् तोंडातून निघाल्यावर मलेच वाटलं, काऊन नाई वाळवत?"

तो पावसाळा त्यांनी विचारात काढला. माघ महिन्यात वनविभागाच्या डेपोवर जळाऊ लाकडाचा लिलाव असतो. तोडीतून निघालेलं, इमारतीच्या कामाचं नसलेलं लाकूड तिथे मापात रचून ठेवतात. एका रचलेल्या ढिगाला बिट म्हणायचं. भागीरथाबाई सातवी शिकलेल्या. बस स्टँडवर लावलेली लिलावाची नोटीस त्यांनी स्वतः वाचली आणि नथ्थूभाऊंना म्हणाल्या, "अजी, उद्या मिलले खाडा करा."

लिलावाला त्या एकट्याच बाई होत्या. वीटभट्टीवाले, हॉटेलवाले, लाकडाच्या वखारीचे टालवाले असे सगळे पुरुष. कोणीतरी हसून म्हणालं, "बाई, मोळी घ्यायची असेल तर बाजारात जा." भागीरथाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्या बिटाबिटाभोवती फिरत होत्या. पळस जास्त असलेलं बिट सोडलं, कारण पळस नुसता धुपतो. मोवई दिसली तिथून तर उलट्या पावली परतल्या, कारण ते लाकूड दिसायला सरळ, पण मऊ आणि पाणी धरून ठेवणारं. धावडा आणि येन, म्हणजे ऐन, असलेलं एक बिट कोपऱ्यात होतं. लाकूड वाकडंतिकडं, गाठीचं, त्यामुळे कोणी बोलीच वाढवली नाही. ते त्यांना सुटलं.

"वाकडं असलं तं काय झालं," त्या मला म्हणाल्या. "चुलीले सून पाहाची हाये का?"

लाकूड घरी आलं त्याच आठवड्यात त्यांनी नथ्थूभाऊंना ते फोडायला लावलं. लोक अख्खं लाकूड पाडून ठेवतात आणि लागेल तसं फोडतात. भागीरथाबाईंचं म्हणणं वेगळं. सालीच्या आत पाणी कोंडून राहतं, अख्खा ओंडका दोन उन्हाळे पडून राहिला तरी मधे ओला तो ओलाच. फोडला की एकाच उन्हाळ्यात वाळतो. शिवाय माघातलं धावड्याचं लाकूड ओलं असताना पाचरीने फुटतं. वैशाखात त्याच्यावर कुऱ्हाड उसळते.

नथ्थूभाऊ मिलमधून दिवसभर पोती वाहून यायचे आणि संध्याकाळी घण-पाचर घेऊन बसायचे. बोलायचे फार कमी. शेजारी विचारत, "नथ्थूभाऊ, दुकान टाकून राह्यले का?" ते म्हणत, "मले नाई मालूम. तिले विचारा."

पहिलं वर्ष मात्र फसलं.

मृगाच्या आधी भागीरथाबाईंनी चांगलं जाड प्लास्टिक आणलं आणि ढीग चारी बाजूंनी असा गुंडाळला की वारा शिरणार नाही. वरून दोर बांधले, खाली दगड ठेवले. महिन्याभराने मोठ्या विश्वासाने उघडलं तर आतून वाफ आली. फाट्यांवर पांढरी बुरशी, प्लास्टिकच्या आतून थेंब टपकत होते.

त्या वेळी वाडीशी मंगली उभी होती. मंगली जंगलाकडच्या एका गावातली गोंड बाई, आठवडी बाजाराला मोळी घेऊन यायची आणि परतताना भागीरथाबाईंकडे पाणी प्यायला थांबायची. वयाने मोठी, बोलायला रोखठोक. तिने ढिगात कोपरापर्यंत हात घातला, बाहेर काढला, ओला हात भागीरथाबाईंसमोर धरला.

"हे काय केलं तू? लाकूड ठेवलं का भात दमाले लावला?"

"पाऊस लागू नाई म्हणून झाकलं ना माय."

"पाऊस वरून येते. बाजूनं येते ते वारा. वाऱ्याले काऊन झाकलं?"

दोघींनी मिळून तो ढीग पूर्ण उपसला. मंगलीने दाखवलं ते असं: खाली दगड मांडायचे, त्यावर दोन आडवे वासे, म्हणजे लाकूड जमिनीला टेकत नाही. दगडांभोवती चुलीची राख पसरायची, म्हणजे उधई, वाळवी, चढत नाही. फाटे एक थर उभा, एक थर आडवा, मधून हात जाईल इतकी फट. सगळ्यात वरचा थर साल वर करून ठेवायचा, साल पाणी उतरवते. आणि डोक्यावर फक्त छप्पर, बाजू चारही मोकळ्या. नथ्थूभाऊंनी बांबू रोवून तट्ट्याचं छप्पर घातलं, त्यावर तेच प्लास्टिक अंथरलं.

त्या साली भागीरथाबाईंनी एकही फाटा विकला नाही. सगळं घरी जाळलं. वस्तीत लोक म्हणाले, झाली हौस. त्या माघात त्यांनी एक नाही, दोन बिटं घेतली.

मी आले ते त्या दुसऱ्या वर्षी. तेव्हापासूनचं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. चैत-वैशाखात आमच्याकडे पत्र्यावर पापड भाजावा असं ऊन. लोक दारं लावून बसायचे आणि भागीरथाबाई पदर डोक्यावर घेऊन ढिगाभोवती फिरत, या बाजूचे फाटे त्या बाजूला करत. फाट्यांच्या टोकांना चिरा पडू लागल्या की खूष होत. "पाहा, तोंड उघडलं यानं. आता पानी सोडून राह्यला." ढिगातून काढताना आधी काठीने ठोकायचं, मगच हात घालायचा, हा त्यांचा नियम. एकदा मी विसरले आणि माझ्या हाताशेजारून विंचू गेला. त्यांनी मला असं झापलं, जणू मी चौथीतली पोर आहे.

त्या वजनावर विकत नसत. नथ्थूभाऊंनी अंगणात चार खुंट ठोकले होते, हातभर अंतरावर, छातीइतके उंच. त्यात फाटे रचून भरले की एक चौकट. "वजनावर देल्लं तं वाळवनारा मूर्ख अन् भिजवनारा शहाना," असं त्यांचं गणित. आधी मास्तर लोक आले, मग बँकेतले, मग एक शिंपी, एक भजीवाला. उन्हाळ्यातच सांगून ठेवायचं, आषाढापासून कार्तिकापर्यंत लागेल तसं न्यायचं. चौऱ्याऐंशीपर्यंत बावीस घरं कायमची गिऱ्हाईकं झाली होती, आणि वसतिगृहाची नोकरी चालूच होती. सकाळी साठ जणींचा भात, दुपारी लाकूड, संध्याकाळी पुन्हा भात.

पंच्याऐंशीच्या जेठात एक वनरक्षक त्यांच्या दारी आला. नवा, तरुण, हातात वही. कोणीतरी अर्ज केला होता की या घरात चोरीच्या लाकडाचा साठा आहे. वस्ती गोळा झाली. मीही गेले.

भागीरथाबाईंनी आतून डबा आणला. त्यात पाच वर्षांच्या लिलावाच्या पावत्या आणि वाहतुकीचे पास, वर्षावर्षाचे वेगळे बांधलेले. वनरक्षकाने ते नीट पाहिले. तो प्रामाणिक होता, म्हणूनच अडला.

"बाई, कागद बरोबर आहेत. पण कागदावरचं लाकूड हेच, हे मी कसं समजू? तुम्ही तर सगळं फोडून ठेवलं."

भागीरथाबाई ढिगापाशी गेल्या. एक फाटा काढून त्याच्या हातात दिला. "हे घ्या. टोक पाहा. चिरा दिसतात ना? रंग पाहा, राखेसारखा झाला. हे मागच्या माघातलं. आता हा दुसरा, औंदाचा, अजून आतून पिवळा हाये. सायेब, चोरीचं लाकूड आज येते अन् उद्या विकल्या जाते. ते वर्षभर कोन उन्हात मांडून ठेवीन, साऱ्या गावाले दिसन असं?"

तरुणाने दोन्ही फाटे हातात तोलून पाहिले. मग न सांगताच एकमेकांवर मारून पाहिले. आमच्यातल्या एक-दोघी हसल्या. त्याने वहीत काहीतरी लिहिलं, भागीरथाबाईंची सही घेतली आणि निघता निघता विचारलं, "क्वार्टरवर एक चौकट मिळेल का? आमच्याकडेही धूरच होतो."

"औंदाची घरं भरली," त्या म्हणाल्या. "पुढच्या चैतात सांगून ठेवा."

तो खरंच चैतात आला.

आणि मग आला श्याऐंशीचा पावसाळा. आमच्याकडे झड लागते म्हणजे आभाळ चार-चार दिवस उघडत नाही. त्या श्रावणात ती आठ दिवस राहिली. नदीकाठच्या दोन गावांत पाणी शिरलं आणि तिथल्या माणसांना आमच्या शाळेत आणलं. तीनशेच्या वर माणसं, लेकरं, म्हातारी, काहींच्या काखेत कोंबड्या. मिलवाल्यांनी तांदूळ पाठवला, दुकानदारांनी डाळ, तेल, मीठ. भाताची मोठाली गंजं, म्हणजे पातेली, वसतिगृहातून आली. आणि लाकूडही तिथलंच आलं, ठेकेदाराचं.

पहिल्या दिवशी गावातल्या काही उत्साही लोकांनी रांधायला घेतलं. व्हरांड्यात धूर असा भरला की वर्गांतली लेकरं खोकून रडायला लागली. दुपारी तीनला जे पानात पडलं त्याला भात म्हणवत नव्हतं. रॉकेल ओतून पाहिलं, रॉकेल जळालं, लाकूड तसंच.

कांताबाईंनी भागीरथाबाईंना बोलावणं पाठवलं. त्या आल्या, एक लाकूड उचललं, नखाने साल ओढली, ती ओल्या चिंधीसारखी निघाली. त्यांनी लाकूड अंगणात भिरकावलं.

"हे उचला इथून. माह्याजवळ लाकूड हाये."

सगळ्यांना हायसं वाटलं. पण त्या तशाच उभ्या राहिल्या.

"पण ते माहं नोय," त्या म्हणाल्या. "बावीस घरांले कबूल केलेलं हाये कार्तिकापर्यंत. त्यायले विचारा लागते."

कोणीतरी म्हणालं, अशा वेळी कसलं विचारणं, माणसं उपाशी आहेत. भागीरथाबाई ठामपणे म्हणाल्या, "एका घंट्यात विचारून येते. तवर तांदूळ निवडा. बाई, तुमी चला माह्यासंगं, तुमचं ऐकतात लोक."

डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन त्या पुढे आणि माझी छत्री उलटी होत मी मागे, अशा आम्ही गुडघाभर चिखलातून घरोघरी फिरलो. प्रत्येक दारात त्यांचं एकच बोलणं. "तुमची चौकट तुमचीच हाये. पण ते मी आज शाळेत जाळू का? झड उघडेपर्यंत दोन घरं मिळून एक चूल पेटवा. पुढं काय कराचं ते मी पाह्यन." शिंप्याच्या बायकोने वाक्य पुरं होऊ दिलं नाही, "न्या ना माय" म्हणाली. बँकेतल्या एकाने बराच विचार केला आणि होकार दिला. तिघांनी मात्र नाही म्हटलं. एकाच्या घरी बाळंतीण होती, एकाकडे आजारी म्हातारा, आणि तिसऱ्याला फक्त द्यायचं नव्हतं.

"ठीक हाये," एवढंच त्या तिसऱ्याला म्हणाल्या.

घरी आल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर त्या तिघांच्या चौकटी मोजून बाजूच्या छपरीत रचल्या. तिसऱ्याचीही, एक फाटा कमी नाही. मग शाळेपर्यंत माणसांची रांग लागली. पूरग्रस्त गावांतले पुरुष, आमच्या शाळेचे शिक्षक, नथ्थूभाऊंच्या मिलमधले हमाल. ताडपत्रीखालून फाटे हातोहात निघाले. नथ्थूभाऊ मोजून देत होते आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना मोठ्याने बोलताना ऐकलं: "भिजवू नोका रे! सालभराची मेहनत हाये!"

शाळेच्या व्हरांड्यात तीन चुली मांडल्या. भागीरथाबाईंनी कोणालाही लाकूड लावू दिलं नाही. खाली सालईच्या बारीक कांड्या, त्यावर येन, आणि जाळ धरला की दोन-दोन जाड धावडे. धावडा एकदा पेटला की निखारा सोडत नाही. त्या निखाऱ्यावर डाळ आपली आपण शिजते. दिवे लागायच्या आत तीनशे माणसं गरम भात जेवली. धूर नव्हता म्हणून लेकरंही रडली नाहीत.

असं सहा दिवस चाललं. भागीरथाबाईंचं छप्पर रिकामं झालं, बाजूच्या तीन चौकटी सोडून.

आता त्या एकोणीस घरांना शब्द दिलेला. लाकूड तर पुढच्या उन्हाळ्याशिवाय तयार होणार नव्हतं, आणि ओलं लाकूड विकणं त्यांच्याने होणार नव्हतं. त्या आठवडाभर विचार करत होत्या. मग एका सकाळी नथ्थूभाऊ मिलमधून धानाच्या कोंड्याची दोन पोती घेऊन आले. मिलमागे कोंड्याचे डोंगर असायचे, न्यायला कोणी नसे. भागीरथाबाईंनी तेलाचा रिकामा पिपा घेतला, खाली कडेला एक भोक पाडलं, मधे उभी बाटली ठेवून भोवती कोंडा दाबून दाबून भरला आणि बाटली हळूच वर ओढून काढली. खालच्या भोकातून एक पेटती काडी सरकवली. तासाभराची आच विनातक्रार मिळाली. मग त्या प्रत्येक घरी पिपा घेऊन गेल्या, कोंडा कसा दाबायचा ते बायांच्या हाताने करवून घेतलं. सैल राहिला की धुपतो, फार घट्ट केला की विझतो. कोंडा नथ्थूभाऊ मिलच्या हातगाडीवरून पोचवायचे. कार्तिकापर्यंत एकोणीस घरांनी तसंच निभावलं. माझीही त्यात एक शेगडी होती. कुरकुर झाली नाही असं नाही, बँकेतला तो तर प्रत्येक भेटीत कोंड्याच्या काजळीबद्दल बोलायचा. पण पुढच्या चैतात नाव नोंदवायला तोच सगळ्यांत आधी आला.

पाणी ओसरल्यावर शाळेत एक छोटा कार्यक्रम झाला. मदत करणाऱ्यांचा सत्कार. भागीरथाबाईंना साडी-नारळ देऊन दोन शब्द बोलायला सांगितलं. त्या माइकसमोर उभ्या राहिल्या. मला वाटलं, घाबरतील. घाबरल्या नाहीत.

"जय भीम. नारळ घेते, साडीबी घेते," त्या म्हणाल्या. "पण माहं एक म्हननं हाये. आमचं हॉस्टेल लाकूड आषाढात घेते. आषाढात भेटते ते ओलंच भेटते. माघात घ्या. मी डेपोवर येते, कोनतं बिट घ्याचं ते सांगते. फोडाले मानसं द्या, ठेवाले छप्पर द्या. मंग साठ पोरींले कच्चा भात भेटला तं मले विचारा."

टाळ्या झाल्या. पहिल्या रांगेत कांताबाई होत्या. त्यांनी मान खाली घातली नाही, उलट उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी संस्थेला आजच लिहिते." त्यांनी खरंच लिहिलं, एकदा नाही, तीनदा. पुढच्या माघात वसतिगृहाने लिलावातून लाकूड घेतलं. स्वयंपाकघरामागे दगडांच्या ओट्यावर कवेलूचं छप्पर उभं राहिलं, चारही बाजू मोकळ्या.

एकोणनव्वदला माझी बदली वर्ध्याकडे झाली. त्या वर्षीच्या लिलावाला मी मुद्दाम भागीरथाबाईंबरोबर गेले. आता त्या एकट्या बाई नव्हत्या. शिंप्याची बायको आणि भजीवाल्याची सून अशा आणखी दोघी आल्या होत्या, स्वतःसाठी बिट घ्यायला. मंगलीही होती. म्हातारी झाली होती, मोळी उचलत नव्हती, पण भागीरथाबाई तिला बंडीत बसवून दर साली घेऊन येत. त्या तिघी-चौघी बिटांभोवती फिरत होत्या, लाकूड उचलत, ठोकत, वाद घालत. एका ढिगापाशी शिंप्याची बायको थांबली, लाकूड सरळ आणि दिसायला सुरेख होतं.

"हे घेऊ का माय?"

भागीरथाबाईंनी साल नखाने खरवडून पाहिली. "मोवई हाये. सोड." आणि त्या पुढच्या बिटाकडे निघाल्या.